उचलण्याआधी: रस्त्यावरच्या कुत्र्यामांजरांसाठी काम सुरू करताना

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेदहाला एका कॉलेजातल्या मुलीचा फोन आला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, झाकून ठेवलेल्या स्कूटरखाली तिला मांजरीची चार पिल्लं सापडली होती. आई कुठे दिसेना, म्हणून तिने ती खोक्यात घालून घरी आणली, कोमट पाण्याने अंघोळ घातली आणि ड्रॉपरने गाईचं दूध पाजलं. आता पिल्लं गार पडली होती, जुलाब सुरू झाले होते आणि ती रडत होती. आई मांजर त्याच वेळी खाली पार्किंगमध्ये हाका मारत फिरत होती, हे वॉचमनकाकांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. चारांपैकी दोन वाचली.

त्या मुलीची माया खरी होती. पुढे ती आमच्या गटात आली आणि आज आमच्यातली सगळ्यात सावध कार्यकर्ती तीच आहे. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला आम्ही आठ-दहा जण नोकऱ्या, घरं सांभाळून हे काम करतो. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पहिली गोष्ट हीच सांगतो: प्राणी उचलणं हा रेस्क्यूचा एक लहानसा भाग आहे, आणि पुष्कळदा तो करायचाच नसतो. तो जिथला आहे तिथेच त्याला नीट जगता येईल असं पाहणं, हे खरं काम. पुढे लिहिलं आहे ते याच क्रमाने शिका.

पहिली पायरी: आधी स्वतःची लस

कुत्र्याला हात लावण्याआधी रेबीजची प्रतिबंधक लस घ्या. चावल्यावर घ्यायची ती वेगळी, ही चावण्याआधीची. तीन डोस असतात: पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. फॅमिली डॉक्टरांना सांगा की मी रस्त्यावरच्या प्राण्यांमध्ये काम करणार आहे, ते व्यवस्था करतील. धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं आहे का तेही पाहून घ्या. हे डोस पूर्ण होईपर्यंत फोन घ्या, हिशेब ठेवा, गाडी चालवा. जखमी प्राणी धरायला जाऊ नका. आमच्या गटात या नियमाला सूट नाही.

लस घेतलेली असली तरी चावा किंवा ओरखडा झाला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून धुवा, कारण घाबरल्यावर दोन मिनिटंसुद्धा पंधरासारखी वाटतात. चुना, हळद, मिरची, कॉफी काही लावायचं नाही. घट्ट पट्टी बांधायची नाही. मग त्याच दिवशी दवाखाना. आधी तीन डोस झालेले असतील तर पुन्हा फक्त दोन लागतात, लगेच आणि तिसऱ्या दिवशी. झालेले नसतील तर पूर्ण कोर्स घ्यावा लागतो, आणि रक्त आलं असेल तर जखमेत सीरमही, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं, द्यावं लागतं. मांजराच्या चाव्यालाही हेच लागू. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची, पण आपली लस त्यासाठी थांबवायची नाही. रेबीजची लक्षणं माणसात एकदा सुरू झाली की त्यावर उपचार नाही. म्हणून मी इतकं लांबवून सांगते आहे.

दुसरी पायरी: अर्धा तास बघा

कुणी फोटो पाठवला, ‘बिचारं एकटं आहे’ असं लिहिलं, की लगेच खोकं घेऊन धावायचं नाही. लांब उभं राहा. मांजरीची पिल्लं असतील तर आई खायला गेलेली असते आणि तुम्ही जवळ उभे असाल तर ती येतच नाही. पिल्लं उबदार, पोट भरलेली आणि गप्प झोपलेली असतील तर आई आहे असं समजा. गार पडली असतील, सतत ओरडत असतील, अंगाला मुंग्या लागल्या असतील किंवा आई मेलेली दिसली तरच उचला. कुत्रीच्या पिल्लांचंही असंच. आपल्याकडे पावसाळा सरल्यावर आणि थंडीत पिल्लांचे फोन वाढतात. यांतल्या बहुतेक पिल्लांना घर नको असतं. पोतं अंथरलेला एखादा कोरडा कोपरा आणि आईला दोन वेळचं खाणं मिळालं की झालं.

मग आसपास विचारा. कोपऱ्यावरचा चहावाला, इस्त्रीवाले काका, रात्रपाळीचा वॉचमन यांना त्या गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याचा इतिहास पाठ असतो. ‘ही लंगडते’ म्हणून आपण हळहळतो आणि ते सांगतात की ती पाच वर्षं अशीच तीन पायांवर मजेत आहे. कानाकडेही बघा. कानाला व्ही आकाराची खाच असेल तर त्या कुत्र्याची नसबंदी झालेली आहे आणि त्याला पकडून परत सोडलेलं आहे. ती जखम नव्हे.

लगेच हालचाल करायची वेळ वेगळी असते. गाडीने उडवलेला आणि उठू न शकणारा प्राणी, थांबत नसलेलं रक्त, धाप, झटके, प्लास्टिकच्या बरणीत अडकलेलं डोकं आणि किडे पडलेली जखम, यांत वेळ घालवायचा नाही. किडे, म्हणजे माश्यांच्या अळ्या, पावसाळ्यात फार वेगाने आत शिरतात. सकाळी रुपयाएवढी दिसलेली जखम दुसऱ्या दिवशी तळहाताएवढी झालेली मी पाहिली आहे. अशा जखमेवर फिनाईल, रॉकेल किंवा पेट्रोल ओतणारे लोक अजून भेटतात. त्याने मांस भाजतं आणि विष रक्तात जातं. अळ्या मारण्याचे फवारे आणि पावडरी औषधाच्या दुकानात मिळतात, पण कोणतं वापरायचं ते डॉक्टरांना फोटो पाठवून विचारा. मांजर अंग चाटतं, त्यामुळे कुत्र्याचं औषध मांजराला परस्पर लावू नका.

एक लक्षण नीट लक्षात ठेवा. ‘कुत्र्याच्या घशात हाड अडकलंय, तोंड मिटत नाही, लाळ गळतेय’ असा फोन आला तर तोंडात हात घालू नका. हाड असेलही, पण जबडा लोंबणं, गिळता न येणं, आवाज घोगरा होणं, झोकांड्या जाणं, दिसेल त्याला चावणं ही रेबीजचीही लक्षणं आहेत. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूच्या आजारातही झटके येतात आणि तोंडाला फेस येतो. यातलं काय आहे हे ठरवणं आपलं काम नाही. लोकांना, विशेषतः मुलांना दूर ठेवा, कुत्रं एखाद्या बंद आवारात असेल तर फाटक लावून घ्या आणि पालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला किंवा प्रशिक्षित संस्थेला कळवा.

तिसरी पायरी: धरणं आणि नेणं

कितीही गरीब कुत्रं असो, दुखत असताना ते चावतं. तोंड बांधायला ओढणी किंवा रुंद बँडेज पुरतं: सैल फास करून नाकाडावर घ्यायचा, हनुवटीखाली फुली मारायची आणि दोन्ही टोकं कानांच्या मागे बांधायची. उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर तोंड बांधायचं नाही. अपघात झालेल्या कुत्र्याला पाय धरून उचलू नका, कण्याला मार असू शकतो. चादर किंवा गोणपाट त्याच्या पाठीशी अंथरायचं, दोघांनी हळू सरकवून त्यावर घ्यायचं आणि चारही कोपरे ताणून उचलायचं. एखादी फळी मिळाली तर फारच चांगलं. रक्त येत असेल तिथे स्वच्छ कापडाची घडी दाबून धरा आणि दर मिनिटाला उचलून पाहू नका.

मांजरासाठी जाड टॉवेल आणि झाकण बंद होणारी पेटी हवी. मांजर मांडीवर घेऊन स्कूटरवर जायचं नाही, कधीच नाही. हॉर्नच्या एका आवाजाने ते उडी मारतं आणि मागच्या गाडीखाली येतं.

वाटेत पाणी पाजायची घाई करू नका. अर्धवट शुद्धीतल्या प्राण्याच्या घशातलं पाणी फुप्फुसात जातं. घरातली वेदनाशामक गोळी तर मुळीच नको; पॅरासिटामॉलने मांजर मरतं, आयबुप्रोफेनने कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंडं खराब होतात. रिक्षा करायची असेल तर रिक्षावाल्या दादांना आधी खरं काय ते सांगा, सीटवर प्लास्टिक अंथरा आणि दोन पैसे जास्त द्या. असे वागलात तर पुढच्या वेळी तेच दादा रात्री अकराला येतात. आमच्याकडे असे तिघे आहेत आणि गटाचे सभासद आम्ही त्यांनाही मानतो.

चौथी पायरी: फोन कुणाला आणि कसा

ही यादी गरज पडण्याआधी करा. जवळचे दोन खासगी पशुवैद्य आणि त्यांच्या वेळा, रात्री कोण उघडं असतं, सरकारी दवाखाना, पालिकेचा विभाग, प्राण्यांची रुग्णवाहिका चालवणारी संस्था. पुण्यात औंधला सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे आणि भटक्या कुत्र्यांसाठी १९८५ पासून काम करणारी ‘वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्स’ ही संस्था आहे. तालुक्याच्या ठिकाणी आणि मोठ्या गावांत सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने असतात. तिथले डॉक्टर मुख्यतः गाई-म्हशी बघत असले तरी कुत्र्याच्या जखमेला टाके घालायला नाही म्हणत नाहीत, असा माझा अनुभव आहे. एकदा आधी जाऊन भेटून या.

फोन करताना ठिकाण, ओळखीची खूण, प्राण्याची स्थिती, किती वेळ झाला, फोटो, आणि ‘मी इथे थांबलो आहे’ एवढं सांगा. शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं आहे. गाडी शहराच्या दुसऱ्या टोकाकडून तास-दीड तासाने येते आणि तोवर जखमी कुत्रं झुडपात शिरलेलं असतं. फोटो चार ग्रुपवर टाकून निघून गेलेल्या माणसाचा प्राण्याला काहीच उपयोग होत नाही. नवख्या कार्यकर्त्याला पहिल्याच दिवसापासून करता येण्यासारखं आणि कधीच वाया न जाणारं काम म्हणजे तिथे थांबणं.

पाचवी पायरी: उपचारानंतर कुठे?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आमच्याही झाल्या. पहिल्या वर्षी आम्ही गाडीने उडवलेला एक कुत्रा बरा केला. पाय जुळला, अंगावर तकाकी आली. त्याच्या गल्लीत रहदारी फार, म्हणून ओळखीच्या एकांच्या मुळशीकडच्या फार्महाउसवर सोडायचं ठरवलं. मोकळी जागा, झाडं, खायला भरपूर. आम्हाला वाटलं की याचं नशीबच उघडलं. तिसऱ्या दिवशी तो कुंपणाखालून निघून गेला. आम्ही आठवडाभर त्या रस्त्याने हाका मारत फिरलो, तो सापडला नाही. तो आपल्या गल्लीकडे निघाला असणार. त्याच्या गल्लीतला वडापाववाला अजून विचारतो आणि मी अजून त्याला नीट उत्तर देऊ शकत नाही.

कुत्र्याला आपला इलाखा असतो, त्यातली माणसं असतात, टोळी असते. नव्या जागी सोडलं तर तिथली कुत्री फाडायला उठतात. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांतही नसबंदी आणि लसीकरण करून कुत्र्याला पकडलं त्याच जागी सोडायचं असं सांगितलेलं आहे. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं अशा ठिकाणांबाबत वेगळा आदेश दिला, म्हणून आपल्या भागात आज काय लागू आहे ते पालिकेत विचारून घ्या. पण साध्या गल्लीतलं बरं झालेलं कुत्रं गल्लीतच जातं. उचलतानाच नेमकी जागा लिहून ठेवा.

परत सोडता येणार नाही इतकं लहान किंवा दुबळं असेल तर फॉस्टर, म्हणजे तात्पुरतं घर लागतं. फॉस्टर ठरल्याशिवाय पिल्लू उचलायचं नाही, जीव धोक्यात असल्याशिवाय. नव्या पिल्लाला किमान दोन आठवडे घरातल्या कुत्र्यापासून वेगळं ठेवा. रिकामं बाथरूम चालतं. कारण पार्व्हो. उलट्या, रक्ताचे घाण वास येणारे जुलाब, आणि दोन दिवसांत पिल्लू आडवं. हा विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतो आणि साध्या फिनाईलला दाद देत नाही. ब्लीच एकाला तीस भाग पाणी, या प्रमाणात घेऊन फरशी आणि भांडी धुवा. ज्या घरात पार्व्हो होऊन गेला तिथे लस न झालेलं पिल्लू नेऊ नका.

डोळे न उघडलेलं पिल्लू आलं तर आधी ऊब, मग दूध. गार पिल्लाला पाजलेलं पचत नाही. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवा, दूध पिल्लांसाठी मिळणारं तयार पावडरीचंच द्या, आणि पाजताना त्याला पोटावर ठेवा, बाळासारखं उताणं नको. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. प्रत्येक वेळी पाजून झालं की कोमट ओल्या कापसाने खालची बाजू हळू पुसायची, त्याशिवाय त्याला लघवी होत नाही. सहा ते आठ आठवड्यांचं झालं की लशी सुरू होतात, तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची. जंताचं औषध डॉक्टर वजनावर ठरवतात.

सहावी पायरी: खाणं, नसबंदी आणि शेजारी

ठरलेली जागा, ठरलेली वेळ, खाऊन झालं की कागद-भांडी उचलायची. जिन्याजवळ, फाटकापाशी, मुलं खेळतात तिथे घालायचं नाही, हे नियमांतच आहे. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावर कुठेही खाऊ घालण्याला मनाई करून पालिकांनी वॉर्डावॉर्डात जागा ठरवून द्याव्यात असं सांगितलं. तुमच्या वॉर्डात अशी जागा नसेल तर चार जणांच्या सह्यांचा अर्ज द्या आणि पोच घ्या. भात, अंडं, हाडं काढलेलं चिकन चांगलं. शिजवलेली हाडं फुटून आतडी फाडतात. बिस्किटांनी पोट भरतं, पोषण होत नाही. कांदा, चॉकलेट, मनुका विषारी. उन्हाळ्यात एक सिमेंटची कुंडी भरून ठेवणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त जीव वाचवणारं काम आहे.

खाऊ घालता आणि नसबंदी करून घेत नाही, असं असेल तर तुम्ही पुढच्या वर्षीची अनाथ पिल्लं जन्माला घालता आहात. इतकं स्पष्ट बोललेलं काहींना टोचतं, पण त्या पिल्लांतली किती जगतात हे मी पाहिलं आहे. रोज खाऊ घालणाऱ्याच्याच हाताला कुत्रं लागतं, म्हणून नसबंदीच्या दिवशी तुम्ही हजर असाल तर पकडणं सोपं जातं.

कुत्र्यांना भिणारे शेजारी आपले शत्रू नाहीत. कुणाला चावलं असेल तर आधी त्या माणसाकडे जा, जखम धुतली का विचारा, दवाखान्यात सोबत जा. कुत्र्याची बाजू नंतर मांडा. आमच्या शेजारच्या सोसायटीत एक आजी काठी घेऊन आम्हाला हुसकवायच्या. त्यांच्या नातवाला चावलं तेव्हा आमच्यातली दोघं तीन दिवस सरकारी दवाखान्याच्या रांगेत त्यांच्यासोबत उभी राहिली. आता कुत्र्यांच्या पाण्याची कुंडी त्याच भरतात.

मात्र विष घालणं, मारून अपंग करणं असं काही घडलं तर गप्प बसू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फोटो, तारीख, वेळ, साक्षीदार, शवविच्छेदन हे सगळं जमवून लेखी तक्रार द्या. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहेच, पण त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये आहे, त्यामुळे तक्रारीत संहितेचं कलमही लिहायचं. आपल्याकडे कुत्र्यांसाठी माणसं आजच उभी राहिलेली नाहीत: मुंबईत १८३२ च्या जूनमध्ये कुत्री मारण्याविरुद्ध पारशी लोक रस्त्यावर आले आणि शहर बंद पडलं होतं. आपण अर्ज आणि पोच घेऊन लढायचं.

सातवी पायरी: घर देताना

‘घ्यायचंय’ म्हणणाऱ्या पहिल्या माणसाला पिल्लू देऊ नका. घरी जाऊन या. घरातले सगळे तयार आहेत का, भाड्याचं घर असेल तर मालकांना माहीत आहे का, गणपतीत किंवा मे महिन्यात गावी गेल्यावर कोण बघणार, गॅलरीला जाळी आहे का. मुलाच्या वाढदिवसाची भेट म्हणून कुणी मागत असेल तर थांबा. सहाव्या-सातव्या महिन्यात नसबंदी करण्याचं लेखी घ्या आणि पहिल्या आठवड्यात, पहिल्या महिन्यात, नसबंदीच्या वेळी फोन करा. नाही जमलं तर पिल्लू आमच्याकडेच परत यायला हवं, रस्त्यावर नाही, हेही त्यात लिहा. जाहिरातीत खरं लिहा: चावतं का, भुंकतं का, एक डोळा नाही का. खोट्या कौतुकावर दिलेलं पिल्लू पंधरा दिवसांत परत येतं.

पैसा आणि आपली ताकद

पैशाचा हिशेब पहिल्या रुपयापासून ठेवा. बिलाचा फोटो, कुणी किती दिले, उरले किती, हे गटात दर रविवारी. व्यक्तीच्या खात्यावर सतत देणग्या घेऊ नका. काम वाढलं तर संस्था नोंदवा. पशुवैद्यांची उधारी थकवू नका, रात्री दार तेच उघडतात.

आणि नाही म्हणायला शिका. दोन खोल्यांच्या घरात चौदा मांजरं साठवलेले चांगले लोक मी पाहिले आहेत. त्यांतलं एकही मांजर नीट नव्हतं आणि ते लोकही नव्हते. फॉस्टरची जागा भरली असेल तर तसं सांगा, दुसरा पर्याय शोधून द्या. काही प्राणी वाचणार नाहीत. मणका तुटलेल्या, वेदनेत तडफडणाऱ्या जिवाला शांतपणे जाऊ द्यायचा सल्ला डॉक्टर देतील, तेव्हा सोबत थांबा, डोक्यावर हात ठेवा आणि त्या रात्री गटातल्या कुणाशी तरी बोला.

सुरुवात कशी करायची, असं विचाराल तर या रविवारी सकाळी सहाला एक वही घेऊन आपल्या दोन गल्ल्या फिरा. किती कुत्री आहेत, नर किती, माद्या किती, किती जणांच्या कानाला खाच आहे, कोण खायला घालतं, पाणी कुठे आहे, ते लिहा. खाच नसलेल्या माद्यांची यादी वेगळी करा. सोमवारी ती यादी पालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात नेऊन द्या आणि परत येताना लशीचा पहिला डोस घ्या.